पोटावरची जाळी

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला. त्यातला सगळ्यात अव्वल सांगते. एका पुजारणीचं देऊळ मी स्पिरिटच्या बोळ्यानं घासून पुसायला निघाले होते.

दोन हजार चार-पाच साल असेल. दक्षिण ऑकलंडमधल्या एका हॉस्पिटलात मी नुकतीच नर्स म्हणून लागले होते. चाळिशी आलेली, नवरा आणि मुलगा अजून पुण्यात, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. आतड्याला पीळ पडलेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंना वॉर्डात आणलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. मी गाऊन वर केला, तर पोटभर निळे ठिपके. चार ठिपक्यांचा शंकरपाळा, त्याला लागून दुसरा शंकरपाळा, अशी या कमरेपासून त्या कमरेपर्यंत दिवाळीतल्या रांगोळीसारखी जाळी. कुणा शिकाऊ डॉक्टरनं पेनानं खुणा करून ठेवल्या असणार, असा निकाल मी देऊन टाकला. बोळा भिजवला आणि घासायला लागले. रंग हलेना. दुसरा बोळा घेतला.

बाई माझ्याकडे बघत होत्या. चेहरा कळांनी पांढराफटक, पण डोळ्यांतलं काजळ मात्र पार कानाकडे ओढलेलं.

"चालू दे," त्या म्हणाल्या. "पण जरा कोपरातून जोर लाव. चार हजार वर्षांचा मळ आहे तो."

(आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. पण इतक्या वर्षांनी ते मला मराठीतच ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही.)

तेवढ्यात आमची वरिष्ठ नर्स अरोहा पडदा सारून आत आली. अरोहा माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी. तिच्या हनुवटीवर तिच्या घराण्याचं गोंदण होतं, आणि ती बोलायला लागली की ते गोंदणही बोलायचं. तिनं माझ्या हातातला बोळा बघितला, ते पोट बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "ते झालं की माझी हनुवटी पण पुसून बघ."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. खरी गंमत पुढेच आहे. माझ्या स्वतःच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. फलटणकडच्या आमच्या गावच्या जत्रेत आईनं तोंडात गुळाचा खडा कोंबून ते माझ्या हातावर गोंदवून घेतलं होतं. पुण्यात नर्सिंगला गेल्यावर होस्टेलच्या मुली त्याला हसल्या, तेव्हापासून मी त्यावर चिकटपट्टी लावायला लागले. लग्नात लावली, विमानात लावली, ऑकलंडमध्येही लावली. वर्षानुवर्षं न बरी होणारी जखम मिरवणारी नर्स जगात मी एकटीच असेन. गोंदण म्हणजे काय हे ज्या बाईला सातव्या वर्षी सुईनं शिकवलं होतं, ती स्पिरिट घेऊन घासत होती!

त्या वेळी डॉक्टरांनी खालून नळी घालून पीळ सोडवला. जाताना सर्जननं बाईंना स्पष्ट सांगितलं, "हा पीळ पुन्हा पडणार. पुढच्या वेळी नळीनं भागलं नाही, तर पोट मधोमध उघडावं लागेल. आत्ताच वेळ आहे तोवर करून घ्या."

"मधोमध नाही," बाई म्हणाल्या.

"मग कुठून?"

"कुठूनच नाही. जाळी कापायची नाही."

त्यानं खांदे उडवले. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तू राहतेस कुठे?" मी सांगितलं, एका कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर. "पापाटोएटोला माझ्या परसात एक खोली रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "पोट पुसायला आलीसच, तर आता भांडी पुसायला पण ये."

अशी मी त्यांच्याकडे राहायला गेले. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात, असं मी सांगितल्यावर त्यांना ते फार आवडलं. त्या दिवसापासून त्या माझ्या बाई.

बाई उंच, हाडकुळ्या. अंगात पुरुषी स्वेटर आणि पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला. स्वतःची ओळख 'हथोर देवीची पेन्शनर पुजारीण' अशी करून द्यायच्या. हथोर ही प्राचीन इजिप्तची गाईच्या रूपातली देवी. प्रेमाची, गाण्याची, बाळंतिणींची. तिच्या देवळांतून फार पूर्वी बायका पुजारिणी होत्या, मालकिणीच्या तोऱ्यात वावरायच्या. "मग पुरुष आले," बाई सांगायच्या. "मोठ्या जागा त्यांनी घेतल्या आणि बायकांच्या हातात ठेवला खुळखुळा." हे त्या अक्षरशः खऱ्या अर्थानं सांगत. देवीपुढे वाजवायचा तसला धातूचा खुळखुळा बाईंनी स्वतःही बनवला होता, कुंपणाच्या जाड तारेत बिअरच्या बाटल्यांची बुचं ओवून. शेजाऱ्यांचं भांडण जुंपलं की वाजव, केक फुगत नसला की वाजव. खुळखुळा वाजला की मी मात्र हातातलं काम टाकून आधी त्यांच्या पोटाकडे बघायचे. न जाणो, पीळ पडला असेल.

गाय दिसली की गाडी थांबलीच म्हणून समजा. आणि या देशात गाय दिसत नाही अशी जागा कुठली? पुकेकोहेच्या रस्त्यावर बाई कुंपणापाशी उतरायच्या, "किया ओरा, महाराणी" असा माओरी नमस्कार करून कमरेत वाकायच्या, आणि मी, जन्मानं हिंदू, गाडीत काच वर करून कुणी ओळखीचं बघत नाही ना याची खात्री करत बसायचे. एकदा शेतकरीच चारचाकी मोटरबाईकवरून आला. "रस्ता चुकलात का?" म्हणाला. "नाही, पूजा चाललीय," बाई म्हणाल्या. "स्वीट ॲज," म्हणजे मग चालू द्या, असं म्हणून तो निघून गेला. लाज वाटणारी तिथे मी एकटीच होते.

बाईंचा राग मात्र भयंकर. एकदा ही देवी चिडून सिंहीण झाली, माणसं मारत सुटली. तेव्हा देवांनी बिअर लाल रंगवून तिच्यापुढे ओतली, ती रक्त समजून प्यायली आणि शांत झाली, अशी तिकडची कथा आहे. बाई चिडल्या की डब्यातल्या बिटाचं लाल पाणी बिअरमध्ये ओतून प्यायच्या. "देवी थंड झाली पाहिजे, नाहीतर माणसं मरतात." आमच्याकडे मरीआईला दहीभात देऊन थंड करतात, असं मी एकदा बोलून गेले. बाईंनी ग्लास खाली ठेवला. "तुला बरंच माहीत आहे," म्हणाल्या आणि माझ्या हातावरच्या पट्टीकडे बघत राहिल्या. मी हात टेबलाखाली घेतला.

पोटावरच्या जाळीची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. इजिप्तमध्ये हथोरच्या एका पुजारणीचं जतन केलेलं शव सापडलं होतं. तिच्या पोटावर, मांड्यांवर अशीच ठिपक्यांची नक्षी होती. आणखीही काही बायकांच्या अंगावर तसलीच. बारीक सुया एकत्र बांधून, काजळी भरून गोंदत असत, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मला जत्रेतली आमची गोंदणारीण डोळ्यांपुढे दिसली. तिच्याही सुया दोऱ्यानं बांधलेल्या होत्या. पण मी बोलले नाही. बाईंनी आपली जाळी पन्नाशीत सामोआ बेटांवरून आलेल्या एका कारागिराकडून गोंदवून घेतली होती. का, ते सांगितलं नव्हतं.

मग ते व्याख्यान. शहरात कुणी पाहुणे विद्वान इजिप्तवर बोलणार होते. बाई मला घेऊन आगगाडीनं गेल्या. निघताना दारातच पोट धरून जरा थांबल्या. "काही नाही, वारा धरलाय," म्हणाल्या. मी अर्धं व्याख्यान पडद्याकडे आणि अर्धं त्यांच्या पोटाकडे बघत ऐकलं. विद्वानांनी त्या गोंदलेल्या पोटाचं चित्र पडद्यावर आणलं आणि म्हणाले, "या बायका बहुधा नाचगाण्याच्या, राजाच्या मर्जीतल्या असाव्यात."

 देवीच्या नावानं परडी हातात घेतलेल्या बाईकडे आमच्या बाजूचे लोक कसे बघतात, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. हा तोच सूर होता, फक्त याला टाय होता. आणि शेजारी बाई उभ्या राहिल्या होत्या.

"तिच्या शवपेटीवर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"हथोरची पुजारीण असा उल्लेख आहे खरा, पण…"

"लिहिलेलं पुजारीण आणि तुम्ही वाचता नाचणारी. का? अंगावर गोंदलंय म्हणून?" आणि एवढं बोलून, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या बाईंनी भरसभेत स्वेटर वर केला. "मी जन्मभर मुलींना इतिहास शिकवला. आता सांगा, मी कुठल्या राजाच्या मर्जीतली दिसते?"

 विद्वान चष्मा पुसायला लागले. आणि मी काय केलं? मी हळूच सरकले. दोन खुर्च्या पलीकडे जाऊन, या बाई कोण बुवा, अशा चेहऱ्यानं बसले.

 परतीच्या गाडीत, पापाटोएटो जवळ आलं तेव्हा, बाई खिडकीतून नजर न काढता म्हणाल्या, "दोन खुर्च्या."

मी बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"त्या पट्टीखाली काय आहे?"

"भाजलंय."

"बराच काळ भाजतंय," बाई म्हणाल्या. "एखाद्या नर्सला दाखव."

त्यानंतरचा हिवाळा आमच्यात थोडा कोरडाच गेला. बोलणं व्हायचं, पण कामापुरतं. आणि एका दुपारी मी ड्यूटीवरून आले, तर फाटकापासूनच खुळखुळा ऐकू आला. थांबतच नव्हता. मी धावले. बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, पाठ फ्रिजला टेकलेली, पोट पुन्हा नगारा झालेलं. ओरडायला जोर उरला नव्हता म्हणून त्या खुळखुळा वाजवत होत्या.

या वेळी नळीनं काही झालं नाही. सर्जननं अरोहाला आणि मला बाहेर बोलावलं. "आतड्याचा रक्तपुरवठा बंद होतोय. आत्ता उघडलं तर वाचतील. संध्याकाळपर्यंत थांबलो तर नाही. आणि त्या सही करत नाहीत. शुद्धीवर आहेत, सगळं समजतंय त्यांना. मी जबरदस्ती करू शकत नाही."

अरोहानं माझा दंड धरला. "तू जा आत. तुझं ऐकतील."

"माझं? माझ्याशी त्या धड बोलत नाहीत!"

"म्हणूनच जा."

मी आत गेले. बाईंचे ओठ काळवंडले होते, पण काजळ जागच्या जागी.

"बाई, मरायचंय का तुम्हाला?"

"मुळीच नाही. पुढच्या महिन्यात गुरं प्रदर्शनात यायची आहेत." त्या कळ येऊन थांबल्या. "पण जाळी कापायची नाही."

"का पण? नुसते ठिपके तर आहेत!"

बाईंनी डोळे मिटले. मग एकेक शब्द वेचल्यासारख्या बोलल्या. "मला एक मुलगी झाली होती. विशीत होते मी. ती रडली नाही. नर्सनं तिला टॉवेलात गुंडाळलं आणि नेलं. तोंडही दाखवलं नाही. 'विसरून जा, अजून तरुण आहेस,' म्हणाली. कुठे पुरली, तेही कधी कुणी सांगितलं नाही."

"आणि नवरा?"

"तो विसरला. सांगितलेलं ऐकणारा माणूस होता." पुन्हा कळ. "पोट वाढलं की इजिप्तच्या त्या बायकांची जाळी ताणली जायची. मूल धरून ठेवायची. तशी जाळी मला हवी होती. पन्नाशीत घेतली, लोक हसले. पण माझ्याकडे धरून ठेवायला ती मुलगी एकटीच आहे. आणि तो डॉक्टर पोरगा म्हणतो, मधोमध फाडतो."

मी खाटेशी उभी. अंगात नर्सचे कपडे. म्हणजे मी त्या टॉवेलवालीच्याच जातीची.  बाहेर सर्जनच्या बुटांचा आवाज इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग काय झालं कोण जाणे, मी माझ्या हातावरच्या पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं. केसांसकट आली मेली.

पट्टीखालची कातडी पांढरी पडली होती आणि तिच्यावर हिरवं वृंदावन, नुकतंच काढल्यासारखं. मी हात त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

"हे काय?"

"तुळस. आमच्या अंगणातली देवी. आई म्हणायची, सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं."

"भाजलंय म्हणालीस."

"खोटं बोलले."

"माहीत होतं." बाईंनी बोटानं तुळशीचं एकेक पान चाचपलं. "आणि हे तू झाकलंस. बावळट."

"बावळट तर आहेच," मी म्हटलं. "पण ऐका. माझी आई गावात ब्लाउज शिवायची. चौकडीचं कापड असलं की कापायच्या आधी आडव्या रेघा ओढून ठेवायची, या बाजूची रेघ त्या बाजूला कुठे मिळायची त्याच्या. मग शिवल्यावर चौकडी मोडलीय हे कुणाला दिसायचं नाही. मी तुमच्या पोटावर तशा खुणा करते. ते मधून उघडतील, पण ठिपक्याला ठिपका लावून बंद करतील."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर माझ्या नावानं खुळखुळा वाजवा. पण वाजवायला उरा तरी!"

  बाईंनी हात पुढे केला. "पेन दे. सहीचं."

सर्जनला सांगितलं तर तो म्हणाला, "एखाद्याच्या छातीवर ड्रॅगन असला तर आम्हीही तसंच करतो. पण हे शेकड्यानं ठिपके आहेत. मला वेळ नाही."

"मला आहे," मी म्हटलं.

कातडीवर खुणा करायचं जांभळं पेन घेऊन मी वाकले.  बेंबीच्या वरून खालपर्यंत, मधल्या रेषेवर, ओळीओळीला एक आडवी रेघ. बाई वरून बघत होत्या, कण्हत होत्या आणि दुरुस्त्याही सांगत होत्या. "ती वाकडी गेली. हं, आता बरी." सर्जन दारात उभा राहून घड्याळ बघत होता आणि अरोहा त्याच्यासमोर अशी उभी होती की त्याला आत येता येऊ नये.

थिएटरच्या दारापर्यंत मी खाटेबरोबर धावत गेले. तिथली नर्स जंतुनाशकाचा बोळा घेऊन पुढे आली, तशी मी किंचाळले, "घासू नकोस! त्या रेघा घासू नकोस!"

"बोलतंय कोण बघा," अरोहा मागून म्हणाली. पण तिच्या हनुवटीवरचं गोंदण हसत नव्हतं. दार बंद झालं.

घरून निघताना बाईंनी बरोबर घेतलेला खुळखुळा माझ्या हातात राहिला होता. बाहेरच्या बाकावर मी तो मांडीवर घेऊन बसले. शेजारी एक सामोअन कुटुंब, समोर एक शीख आजोबा. बुचं आपसांत वाजू नयेत म्हणून मी ती मुठीत दाबून धरली होती. वेळ पुढे सरकेना. आत काही बोलल्यासारखं झालं, एक जण धावत बाहेर आला, रक्ताची पिशवी घेऊन धावत आत गेला. तेव्हा मी मूठ सोडली. आधी हळूच, मग जरा मोठ्यानं, मग चांगला खणखणीत खुळखुळा वाजवला. लोक बघायला लागले. बघेनात का! आजोबांनी फक्त विचारलं, "कोण आहे आत, बेटा?"

"माझ्या बाई," मी म्हटलं आणि वाजवतच राहिले.

वाचल्या. आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागला, पण वाचल्या. काही दिवसांनी पट्टी सोडायची होती. ते काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. माझा डावा हात उघडाच होता. माझी नात आज त्या तुळशीवर बोट ठेवून "आजी, दॅट्स सो कूल" म्हणते, पण त्या दिवशी मला तो सोललेल्या केळ्यासारखा वाटत होता. बाईंनी हातातला आरसा पोटापुढे धरला. मी कापूस ओला करून अगदी अलगद वाळलेलं रक्त टिपलं. घासलं नाही. वरची ओळ निघाली: जुळलेली. तिच्या खालची: जुळलेली. मधून टाक्यांची काळी रेघ, आणि दोन्हीकडे शंकरपाळ्याला शंकरपाळा. सर्जननं काम चोख केलं होतं.

बेंबीच्या खाली मात्र एका जागी माझा हात थांबला. तिथे एक ठिपका नव्हता. शिवणीत गेला होता. आजूबाजूचे तिन्ही ठिपके होते आणि चौथ्याच्या जागी नुसती कातडी. मी आरशावर हात ठेवायला गेले. बाईंनी माझा हात बाजूला सारला. त्यांनी त्या मोकळ्या जागेवर बोटाचं टोक टेकवलं.  मग त्या जे बोलल्या ते मी जसंच्या तसं जपून ठेवलंय.

"एक ठिपका गेला गं. तेवढ्या फटीतून ती गेली असणार. जाऊ दे. पन्नाशी उलटली तिची, आता आणखी किती दिवस आईच्या पोटात बसून राहणार?"